जानेवारीतली उन्हाळी वेळ

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजले की अमेरिकेतली बहुतेक घड्याळं एकदम तीन दाखवू लागतात. सोमवारी सगळं घर एक तास आधी उठतं, डोळे चुरचुरत असतात. पुढे न्यू जर्सीत पाडव्याच्या कार्यक्रमाला मंडळी जमली की कुणीतरी म्हणतंच, "वर्षातून दोनदा घड्याळ फिरवायचा हा उपद्व्याप बंद करा. एकदाच काय ते पुढे करून ठेवा, संध्याकाळी उजेड तरी मिळेल." बरीच वर्षं मीही हेच म्हणत होते. मग मुलगी सहावीत गेली आणि तिची स्कूलबस सकाळी ६:५० ची झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती चांगलं उजाडल्यावर बसला जायची. घड्याळ पुढे गेलं त्या सोमवारी सूर्योदय सव्वासातला होता. कोपऱ्यावर वळणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांत तिचं दप्तर तेवढं क्षणभर दिसायचं आणि पुन्हा नाहीसं व्हायचं.

त्याच आठवड्यात मी शोधायला लागले, की 'घड्याळ कायमचं पुढे' हा प्रयोग कुणी करून पाहिला आहे का. पाहिला आहे, आणि तो याच देशाने. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेने बाराही महिने उन्हाळी वेळ, म्हणजे एक तास पुढे केलेलं घड्याळ, पाळायला सुरुवात केली. कायद्याने ठरवलेली मुदत सुमारे सोळा महिन्यांची होती. पहिला हिवाळा सरला आणि दुसरा यायच्या आत कायदा बदलावा लागला. हे प्रकरण मला सविस्तर मांडायचं आहे, कारण आज पुन्हा तीच मागणी जोरात आहे आणि त्या हिवाळ्याची आठवण फार थोड्यांना उरली आहे.

तेलाचा तुटवडा आणि घड्याळाचा उपाय

उन्हाळी वेळ ही मुळात युद्धकाळाची सोय. पहिल्या महायुद्धात, ३० एप्रिल १९१६ ला, जर्मनीने घड्याळं एक तास पुढे केली. तीन आठवड्यांत ब्रिटनने तेच केलं. अमेरिकेने १९१८ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिका फेब्रुवारी १९४२ पासून सप्टेंबर १९४५ पर्यंत सलग एक तास पुढे राहिली. आपल्याकडेही १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतीय प्रमाणवेळ एका तासाने पुढे होती. युद्ध संपलं आणि भारताने ती सोडून दिली. अमेरिकेत मात्र गावागणिक वेगळी वेळ असा गोंधळ बरीच वर्षं चालला. १९६६ च्या कायद्याने त्याला शिस्त लावली : एप्रिलचा शेवटचा रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, सहा महिने उन्हाळी वेळ आणि सहा महिने प्रमाणवेळ. नको असेल त्या राज्याने संपूर्ण राज्यापुरती ती नाकारावी. अॅरिझोना आणि हवाईने नाकारली.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ७ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी काटकसरीची यादी वाचली : घरातली उष्णता कमी ठेवा, गाड्या हळू चालवा. त्याच यादीत एक मागणी संसदेकडे होती, ती म्हणजे वर्षभर उन्हाळी वेळ. संसदेने ती झपाट्याने मान्य केली. १५ डिसेंबर १९७३ ला निक्सन यांनी सही केली. सही करताना त्यांनी जे निवेदन दिलं त्यातले तीन दावे लक्षात ठेवण्यासारखे आहेत : हिवाळ्यात दिवसाला दीड लाख पिंपं तेलाइतकी बचत होईल, गैरसोय अगदी नाममात्र होईल, आणि या त्यागात सर्वांचा सारखा वाटा असेल.

तिसऱ्या दाव्यापाशी मी फार वेळ थांबले. पुढचं सगळं प्रकरण माझ्या मते त्या 'सारखा वाटा' या शब्दांभोवती फिरतं.

लोकांना कल्पना आवडली होती, यात शंका नाही. डिसेंबरमधल्या पाहणीत ७९ टक्के लोकांनी वर्षभराच्या उन्हाळी वेळेला होकार दिला होता. उन्हाळी वेळ म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढे जूनमधली संध्याकाळ येते. साडेआठपर्यंत उजेड, अंगणात मुलं, शेजाऱ्याकडे भाजलेल्या मक्याचा वास. जानेवारीतली सकाळ कुणाच्या डोळ्यांपुढे आली नसावी.

सात जानेवारी

रविवार, ६ जानेवारी १९७४. पहाटे दोनला घड्याळं पुढे गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती मागे आली होती, त्याला जेमतेम दहा आठवडे झाले होते.

या तारखेची एक गोष्ट मला नंतर कळली आणि मी चाट पडले. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, म्हणून आपण धरून चालतो की सर्वांत उशिराचा सूर्योदयही तेव्हाच असणार. तसं नसतं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, त्यामुळे सूर्याची दुपार घड्याळाच्या बारापासून मागेपुढे सरकत राहते, आणि न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या अक्षांशांवर सर्वांत उशिराची पहाट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. म्हणजे अख्ख्या वर्षातली जी सकाळ आधीच सर्वांत अंधारी, नेमक्या तिच्यावर आणखी एक तास चढवला गेला. वॉशिंग्टनमध्ये सोमवारी, ७ जानेवारीला, सूर्य उगवला तेव्हा घड्याळात जवळपास साडेआठ झाले होते. अटलांटात पावणेनऊ. मिनिआपोलिसमध्ये नऊला दहा मिनिटं कमी. हा सुट्टीनंतरचा कामाचा सोमवार होता. अनेक शाळांचा पहिला तास सुरू होऊन गेला तरी खिडकीबाहेर रात्रच होती.

मुलं विजेऱ्या घेऊन निघाली. काही आयांनी मुलांच्या कोटांवर चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. वॉशिंग्टनलगतच्या अलेक्झांड्रिया गावात त्याच पहिल्या सकाळी शाळेला चालत निघालेल्या सहा वर्षांच्या मुलीला गाडीची धडक बसली आणि तिचा पाय मोडला. फ्लोरिडात पुढच्या काही आठवड्यांत आठ शाळकरी मुलं वाहनांखाली गेली. राज्याचे गव्हर्नर रूबिन आस्क्यू यांनी हा कायदा मागे घ्या, अशी मागणी केली. जानेवारी संपायच्या आत सिनेटमध्येही तीच मागणी उठली. आयोवाचे सिनेटर डिक क्लार्क त्यांत होते.

या आठ मुलांबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं. त्यातल्या प्रत्येक अपघाताला अंधारच कारण होता, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. धुकं होतं का, पदपथ होता का, गाडी वेगात होती का, हे प्रश्न प्रत्येक वेळी वेगळे. पण फ्लोरिडातच हे एवढं का जाणवलं, याला भूगोलाचं एक सरळ उत्तर आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागाची प्रमाणवेळ ७५ अंश पश्चिम रेखांशावर बेतलेली आहे. हा रेखांश फिलाडेल्फियाजवळून जातो. फ्लोरिडाचं टॅम्पा आहे सुमारे साडेब्याऐंशी अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे टॅम्पाचा सूर्य घड्याळापेक्षा मुळातच अर्धा तास मागे. मुंबईकराला हे समजायला अवघड जाऊ नये. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्वेची, मुंबई त्याच्या पश्चिमेला, म्हणून मुंबईचा सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे चालतो. याच ३९ मिनिटांसाठी मुंबईने १९०६ नंतरही कित्येक दशकं आपली 'बॉम्बे टाइम' सोडली नव्हती. आता अशी कल्पना करा, की जानेवारीत मुंबईत सव्वासातला उजाडतं, तिथे सरकारने आणखी एक तास जोडला आणि पहिलीतल्या पोराला सातच्या बसला उभं केलं. फ्लोरिडात हेच झालं. तिथला हिवाळा उबदार असतो, संध्याकाळी पाचनंतरही बऱ्यापैकी उजेड असतो, त्यामुळे मिळणारा फायदा थोडा आणि सकाळचा तोटा मात्र पुरेपूर.

रेडिओसाठी कलम होतं

त्या कायद्यातली एक तरतूद वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. अमेरिकेत तेव्हा मध्यम लहरींवरची शेकडो छोटी रेडिओ केंद्रं फक्त दिवसा चालत. रात्री त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून, आयनांबरावरून, परावर्तित होऊन शेकडो मैल दूर जातात आणि दुसऱ्या केंद्रांत मिसळतात, म्हणून त्यांना परवानाच सूर्योदय ते सूर्यास्त एवढा. घड्याळ पुढे गेल्यावर या केंद्रांचा सकाळचा, सर्वांत जास्त ऐकला जाणारा आणि जाहिरातींचा तास अंधारात गेला असता. ही अडचण कायदा करणाऱ्यांना आधीच दिसली. दळणवळण आयोगाने या केंद्रांच्या वेळा जुळवून द्याव्यात, असं कलम त्यांनी कायद्यात घातलं.

याचा मला राग नाही. छोट्या गावातलं केंद्र बंद पडलं तर चार माणसांची नोकरी जाते. पण सूर्योदयाआधी काम सुरू होण्याचा प्रश्न ज्यांना रेडिओच्या बाबतीत दिसला, त्यांना बसथांब्याच्या बाबतीत तो तितक्याच स्पष्टपणे दिसायला हवा होता. मुलांच्या सकाळी शाळामंडळांवर सोपवल्या गेल्या. ज्याला जसं जमेल तसं त्याने करावं.

काही शाळांनी वेळ पुढे ढकलली. वरवर हा सोपा उपाय वाटतो. पण इथल्या शाळांचं गणित ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की त्याच बस तीन फेऱ्या मारतात. आधी मोठी मुलं, मग मधली, मग लहान. एक शाळा सरकवली की बाकीच्या दोन हलतात. आईवडिलांची ऑफिसं जागची हलत नाहीत, म्हणून लहान मूल तासभर एकटं घरी राहतं. शिवाय सगळ्या शाळा एक तास उशिरा भरवायच्या असतील, तर घड्याळ पुढे नेऊन त्या घरांनी मिळवलं काय?

सवय का झाली नाही

आता या प्रकरणाच्या गाभ्यात येते. लोकांनी थोडा धीर धरला असता तर अंगवळणी पडलं असतं, असं आजही अनेक जण म्हणतात. मार्चमध्ये आठवड्याभरात आपल्याला सवय होते, मग त्यांना का झाली नाही?

झोपेतून उठायची वेळ शरीराला घड्याळ सांगत नाही. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या फुलीवर, पेशींचा एक छोटा पुंजका असतो आणि तोच शरीराचं घड्याळ चालवतो. पेशींच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना, जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना, २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं हे घड्याळ सरासरीने चोवीस तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी जास्त लांब आहे. म्हणजे त्याला मोकळं सोडलं तर रोज थोडं थोडं मागे पडत जाणार. त्याला रोज ओढून जागेवर आणतो तो सकाळचा उजेड. संध्याकाळचा उजेड उलटं काम करतो, झोप आणखी लांबवतो. वयात येणाऱ्या मुलांची झोप तर निसर्गतःच उशिरा येते, म्हणून त्यांना ही सकाळची ओढ सर्वांत जास्त लागते.

माझ्या मुलीचं मार्चमधलं गणित पाहा. घड्याळ बदललं त्या दिवशी सूर्योदय ७:१५ ला. पण वसंतसंपाताच्या सुमारास दिवस सर्वांत वेगाने मोठा होत असतो. सूर्य रोज दीड-दोन मिनिटं आधी उगवतो. तीन आठवड्यांत, मार्चअखेरीस, सूर्योदय ६:४० च्या आसपास आलेला असतो. हरवलेल्या तासातला अर्ध्याहून अधिक भाग ऋतूनेच परत केलेला असतो. आपण म्हणतो 'सवय झाली', पण खरं तर सूर्य आपल्याला भेटायला निम्मी वाट चालून आलेला असतो.

जानेवारीत सूर्य जागचा हलत नाही. वॉशिंग्टनमध्ये ६ जानेवारीचा सूर्योदय नव्या घड्याळाने ८:२७ ला. ३१ जानेवारीचा सव्वाआठच्या सुमारास. पंचवीस दिवसांत बारा मिनिटं! फेब्रुवारीच्या अखेरीस कुठे तो पावणेआठला आला. तोवर आठ आठवडे मुलं, परिचारिका, कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारे कामगार, दूध पोचवणारे, सगळे रोज रात्रीच उठत होते आणि त्यांच्या आतल्या घड्याळाला ओढून आणायला समोर काही नव्हतं. सवय न होण्यामागे लोकांचा हट्ट नव्हता. ज्याच्या आधाराने सवय होते ती गोष्टच सकाळमधून काढून घेतली होती.

हे सगळं मी साताऱ्याला आईला फोनवर सांगत होते. रविवारचा आमचा फोन ठरलेला असतो. हिवाळ्यात माझ्या सकाळी दहाला तिच्याकडे रात्रीचे साडेआठ, मार्चनंतर साडेसात. तिला दर वर्षी एकदा हा हिशोब नव्याने सांगावा लागतो. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, म्हणतात ना? तुमच्या सरकारचं उलटं. कोंबडं आधी आरवलं म्हणून तांबडं फुटेल होय?" मी इतके दिवस जे आकडे गोळा करत होते ते तिने एका श्वासात सांगून टाकलं.

फेब्रुवारीत पुन्हा पाहणी झाली. डिसेंबरमध्ये ७९ टक्क्यांवर असलेला पाठिंबा ४२ टक्क्यांवर आला होता.

माघार

पुढचं झटपट सांगण्यासारखं आहे. मार्चमध्ये तेलबंदी उठली. ऑगस्टमध्ये निक्सन यांनी वॉटरगेटपायी राजीनामा दिला. त्याच महिन्यात प्रतिनिधीगृहाने हिवाळ्यात प्रमाणवेळेकडे परत जाण्याच्या बाजूने ३८३ विरुद्ध १६ असं मत दिलं. आठ महिन्यांपूर्वी उत्साहाने होकार देणाऱ्या संसदेचा हा कौल होता. ५ ऑक्टोबर १९७४ ला नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केली आणि २७ ऑक्टोबरला घड्याळं मागे आली. बेचाळीस आठवडे सलग चाललेली उन्हाळी वेळ संपली. मूळ मुदत एप्रिल १९७५ पर्यंत होती. त्याऐवजी चार महिने प्रमाणवेळ पाळून २३ फेब्रुवारी १९७५ ला पुन्हा घड्याळ पुढे केलं गेलं.

बचतीचं काय झालं? परिवहन खात्याच्या अभ्यासात मार्च-एप्रिलमध्ये विजेची सुमारे एक टक्का बचत दिसली. १९७६ मध्ये नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने तो अभ्यास पुन्हा तपासला तेव्हा त्यांना लक्षणीय म्हणावी अशी बचत आढळली नाही. ऐन हिवाळ्यात ती होणार तरी कशी? संध्याकाळी जो दिवा उशिरा लागला तो सकाळी उठल्याबरोबर लागत होता. पुढे २००६ मध्ये इंडियाना राज्याने राज्यभर उन्हाळी वेळ स्वीकारली तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी तिथली घराघरांतली वीजबिलं तपासली. घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढलेला निघाला, दिव्यांवर जे वाचलं त्यापेक्षा घर तापवण्या-थंड करण्यावर जास्त गेलं.

संध्याकाळी वाचलेली माणसं

इथे थांबून दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी, नाहीतर हे प्रकरण अर्धवट राहील.

संध्याकाळी रस्त्यावर सकाळपेक्षा जास्त माणसं असतात, थकलेली असतात, काही प्यायलेली असतात. त्या वेळी एक तास जास्त उजेड मिळाला तर पादचाऱ्यांचे मृत्यू कमी होतात, हे पटण्याजोगं आहे. वर्षभर उन्हाळी वेळ ठेवली तर एकूण बळी घटतील असा हिशोब काही संशोधकांनी नंतर मांडलाही आहे. १९७४ मध्ये तर अमेरिकेतले रस्त्यावरचे मृत्यू आदल्या वर्षीच्या सुमारे ५४ हजारांवरून ४५ हजारांवर आले होते. पण त्याचं श्रेय घड्याळाला देता येत नाही. त्या वर्षी पेट्रोल महाग आणि दुर्मीळ होतं, आणि देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली होती. याच कारणांमुळे सकाळी गेलेल्या मुलांचा हिशोबही घड्याळापुरता वेगळा काढणं अवघड झालं. ब्यूरोच्या तपासणीत त्या महिन्यांतल्या सकाळी शाळकरी मुलांचे मृत्यू आदल्या वर्षीपेक्षा वाढलेले दिसले, पण त्यातले किती नव्या वेळेमुळे, हे त्यांना ठरवता आलं नाही.

संध्याकाळी जो माणूस गाडीखाली आला नाही, त्याला स्वतःलाही ते कळत नाही. त्याच्यासाठी कुणी गव्हर्नर बोलत नाही. हे मला मान्य आहे, आणि त्याचा जीव त्या मुलांच्या जिवापेक्षा स्वस्त नाही. तरीही मला वाटतं की नुसती बेरीज-वजाबाकी करून हा प्रश्न सुटत नाही. संध्याकाळी बाहेर पडणारा प्रौढ माणूस बराचसा आपल्या मर्जीने बाहेर पडतो. उशीर करू शकतो, गाडीने जाऊ शकतो. सहा वर्षांच्या मुलीला शाळा चुकवायची मुभा नाही. पहिल्या पाळीच्या कामगाराला नाही, पहाटे सफाईला जाणाऱ्या बाईला नाही. संध्याकाळचा उजेड ज्यांना मिळाला ते, आणि सकाळचा अंधार ज्यांनी सोसला ते, पुष्कळदा वेगळे लोक होते. निक्सन यांच्या निवेदनातला सारखा वाटा तिथे कोसळतो.

हा अनुभव एकट्या अमेरिकेचा नाही. ब्रिटनने ऑक्टोबर १९६८ पासून तीन वर्षं असाच प्रयोग केला आणि १९७० च्या डिसेंबरमध्ये तिथल्या संसदेने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी तो बंद करायचं ठरवलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला तेव्हा दहापर्यंत उजाडत नसे. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ घेतली आणि २०१४ मध्ये ती सोडून कायमची हिवाळी वेळ स्वीकारली.

आता

१५ मार्च २०२२ ला अमेरिकी सिनेटने उन्हाळी वेळ कायमची करणारं विधेयक एकमताने मंजूर केलं. एकाही सदस्याने हरकत घेतली नाही. घड्याळ बदलून दोनच दिवस झाले होते, सगळेच झोपेला आलेले होते. विधेयक पुढे प्रतिनिधीगृहात अडलं. ते मांडणारे तेव्हाचे सिनेटर मार्को रुबिओ फ्लोरिडाचे. फ्लोरिडाच्या विधिमंडळानेही २०१८ मध्ये असाच कायदा केलेला आहे, केंद्राने परवानगी दिली की लगेच अमलात आणायचा. हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं. फ्लोरिडाच्या राजधानीत, टॅलाहासीत, त्या कायद्याखाली जानेवारीचा सूर्य पुन्हा साडेआठनंतरच उगवेल. पन्नास वर्षांत तो जागचा हललेला नाही.

वर्षातून दोनदा घड्याळ फिरवणं चांगलं आहे, असं मी म्हणत नाही. १९९६ ते २०१७ या काळातल्या अमेरिकेच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात, मार्चच्या बदलानंतरच्या आठवड्यात प्राणघातक अपघात सुमारे सहा टक्क्यांनी वाढलेले दिसले आहेत. स्वीडनमधल्या नोंदींत वसंतातल्या बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके पाच टक्क्यांच्या आसपास जास्त दिसले. बदल थांबवायचाच असेल तर प्रमाणवेळेवर थांबवा, असं अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन २०२० पासून सांगते आहे, आणि १९७४ चा हिवाळा वाचल्यावर मी त्यांच्या बाजूला गेले आहे. यात मला जूनमधली एक उजेडी संध्याकाळ सोडावी लागेल. ती मला फार प्रिय आहे. सोडेन.

तोवर घरात जे करता येतं ते आम्ही करतो. बदलाच्या आधीच्या गुरुवारपासून मुलीची झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडे ओढते. जेवणही तेवढंच लवकर, कारण पोटालाही स्वतःची वेळ असते. रविवारी सकाळी पडदे उघडून तिला अंगणात पाठवते, ढग असले तरी. घरातल्या दिव्यापेक्षा ढगाळ आकाशाचाही उजेड कितीतरी पटींनी जास्त असतो. रात्री जेवणानंतर दिवाणखान्यातला मोठा दिवा बंद, फोन स्वयंपाकघरात. पहिल्या सोमवारी ती चिडचिडी असते, तेव्हा तिला बोलत नाही.

शाळामंडळाच्या बैठकीत मी दोनदा बोलले. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून मधल्या शाळा आठच्या आधी आणि हायस्कुलं साडेआठच्या आधी भरवायला बंदी केली आहे, तसं इथे का नको, हा माझा मुद्दा. बसच्या तीन फेऱ्यांचं उत्तर मिळालं. दुसऱ्या वेळी निदान वेळापत्रकाचा अभ्यास करू, असं म्हणाले. मी पुन्हा जाणार आहे.

दप्तराच्या दोन्ही बाजूंना चमकणारी पट्टी शिवून घेतली आहे. मी कोपऱ्यापर्यंत सोबत जाते. सहावीतल्या मुलीला आई सोबत आलेली आवडत नाही, म्हणून चार पावलं मागे उभी राहते. २५ मार्चच्या सुमारास सूर्योदय आणि तिची बस एकाच मिनिटाला येतात. त्या चौकोनावर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयमध्ये मी पेन्सिलने गोल केला आहे. त्या दिवसापासून ती म्हणाली तर एकटीला जाऊ देणार आहे.